आधी विसावा

हे पुस्तक आयांनी आयांसाठी लिहिले आहे. लिहिणाऱ्यांत शाळेत शिकवणाऱ्या आहेत, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आहेत, शिवणकामावर घर चालवणाऱ्या आहेत, आणि दिवसभर घरातच राबत असल्यामुळे जिला कोणी 'काम करणारी' म्हणत नाही अशीही एक आहे. बहुतेक लेख दोन-तीन पानांचे आहेत. कुकरच्या शिट्या मोजताना, मूल झोपल्यावर, बसची वाट पाहताना ते लिहिले गेले आणि वाचलेही तसेच जावेत अशी इच्छा आहे. प्रस्तावना मात्र जरा लांबणार आहे. विषय नीट समजून घेतला नाही, तर 'देवाच्या कृपेत विसावा घेणे' हेही आईच्या यादीत आणखी एक काम होऊन बसेल, अशी मला भीती वाटते.

प्रभू येशूने कष्टी आणि ओझ्याने दबलेल्या माणसांना जवळ बोलावले आणि विसावा देण्याचे वचन दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायातले ते वचन आपल्या कितीतरी घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर छापलेले असते. त्या भिंतीसमोर उभी राहून पोळ्या लाटणाऱ्या बाईला तो विसावा मिळतो का, आणि मिळत नसेल तर कुठे अडतो, एवढाच या पुस्तकाचा प्रश्न आहे.

आयांशी यावर बोलू लागले की पहिले उत्तर ठरलेले असते : वेळच नाही. ते खरेच आहे. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे दिसले. मुलांची, आजाऱ्यांची, म्हाताऱ्या माणसांची देखभाल यात धरलेली नाही. तिचा हिशेब वेगळा. नोकरी असेल तर तीही वेगळी. आणि ख्रिस्ती घरात आणखी भर पडते ती मंडळीच्या कामांची.

नाताळच्या आधीच्या आठवड्यातली एखादी रात्र डोळ्यांसमोर आणा. गायनमंडळी घरोघर फिरत असते. आपल्याकडे यायची वेळ साडेदहा सांगितलेली असते. ढोलकी आणि पेटीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी येतो तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात. आई तोवर जागीच. चहाचे मोठे पातेले गॅसवर, आधण दोनदा आटलेले, तिसऱ्यांदा पाणी घातलेले. करंज्यांचा डबा वरच्या फळीवरून खाली काढलेला. धाकटे मूल खांद्यावर पेंगत असते. पंचवीस-तीस माणसे दारात उभी राहून गातात, पाळक प्रार्थना करतात, मग चहा. ती गीते देवाच्या कृपेचीच असतात, आणि आई ती स्वयंपाकघरातून ऐकते. ऐकता ऐकता मोजत असते : कप पुरतील का, दूध पुरेल का, उद्या डब्याला काय. मला या पाहुणचाराविषयी तक्रार करायची नाही. त्या रात्री मला फार प्रिय आहेत. पण कृपेचे गाणे दारात चालू असताना ते जिच्यासाठीही आहे ती आई आत हिशेबात असते, ही गोष्ट मला वर्षानुवर्षे बोचत आली आहे.

कारण तो हिशेब चहाच्या कपांपाशी थांबत नाही. दिवे मालवल्यावर तो खरा सुरू होतो. आज पोरावर उगाच ओरडले. सासूबाईंच्या गोळ्या आणायच्या राहिल्या. शेजारणीला भेटून येते म्हटले होते, गेले नाही. शास्त्र उघडलेच नाही. प्रार्थना करायला बसले आणि डोळा लागला. या यादीत शेवटची बाब बाईला सगळ्यांत जड जाते. पहाटे चार वाजता उठून गुडघ्यांवर येणाऱ्या भक्त माणसांच्या कथा तिने प्रवचनांत ऐकलेल्या असतात. तीही चारला उठते, पण तान्ह्याला पाजायला. मग तिला वाटू लागते की आपला विश्वासच कमी. घरच्यांना आपण पुरत नाही तसे देवालाही पुरत नाही.

संडे स्कूलमधले पोरही सांगेल की तारण कृपेने होते, कर्मांनी नाही. इफिसकरांस पत्रातले ते वचन आपण सगळ्यांनी पाठ केलेले आहे. पण पाठ असणे वेगळे आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ते आपल्याला लागू आहे असे वाटणे वेगळे. माझ्या मते मराठी ख्रिस्ती बाईच्या थकव्याचे मोठे कारण या अंतरात आहे. स्वर्गाच्या बाबतीत आपण कृपेवर विसंबतो आणि सोमवार ते शनिवार पात्रतेवर जगतो.

हे अंतर कितीही मोठ्या माणसाच्या बाबतीत पडू शकते याची साक्ष आपल्याच मातीत आहे. पंडिता रमाबाईंचे नाव आपण घेतो ते त्यांच्या कार्यासाठी. मला इथे त्या आई म्हणून आठवायच्या आहेत. १८८१च्या एप्रिलमध्ये त्यांना मनोरमा झाली. पुढच्याच फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत आधीच गेले होते, भाऊही गेला होता. तेविसाव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी. तशातच त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, १८८३ साली मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मग अमेरिकेत गावोगाव व्याख्याने, पुस्तक, विधवांच्या शाळेसाठी निधी, आणि ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन. दुसऱ्या वर्षी सदन पुण्याला हलले. सनातन्यांचा रोष, सुधारकांचा संशय, आणि चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी मतभेद, हे सगळे चालूच होते.

एवढे करणारी ही बाई आपल्या साक्षीत लिहिते की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी तिला कळून आले : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन तेव्हा त्यांच्या वाचनात आले होते. हॅस्लमचीही गोष्ट अशीच. कॉर्नवॉलमध्ये बरीच वर्षे पाळकपण केल्यावर, स्वतःच प्रवचन देत असताना त्याला तारणाचा अनुभव आला. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला तपासले आणि शास्त्र पुन्हा वाचले. ख्रिस्ताने जे पुरे केले आहे त्यात आपल्याला काही भर घालायची नाही, ते तसेच्या तसे घ्यायचे आहे, हे त्यांना उमगले. त्यानंतरची मनःशांती त्यांनी साक्षीत मोकळेपणाने सांगितली आहे. १९०७ साली ती साक्ष प्रसिद्ध झाली. आपल्या प्रत्येक घरात ती असावी असे मला वाटते, आणि मुलींच्या हाती ती लवकर पडावी.

मला इथे पुढचे महत्त्वाचे वाटते. विसावा मिळाल्यावर रमाबाईंचे काम कमी झाले का? उलट वाढले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो अनाथ मुली आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९००च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुलींची भर पडली. विहिरी, शेती, शाळा, छापखाना सगळे त्याच आवारात. साध्या बायकांना समजेल असे शास्त्र हवे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि अखेरच्या दिवसांपर्यंत ते तपासत राहिल्या. १९२१च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, आईचा उजवा हात गेला. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ला त्यांनीही डोळे मिटले. अशा आयुष्याला कोणी निवांत म्हणणार नाही. तरी विसाव्याविषयी त्यांच्याइतके अधिकाराने बोलणारे आपल्याकडे दुसरे कोणी मला दिसत नाही. त्यांच्या खांद्यावरून काम उतरले नव्हते. कामाने देवाचे मन जिंकायचे हे ओझे उतरले होते.

आणि त्या एकट्या नव्हत्या, हेही विसरायला नको. त्यांच्या सहकारी सुंदराबाई पवार होत्या, मिनी अब्राम्स होत्या, मुक्तीत वाढलेल्या आणि पुढे तिथलेच काम अंगावर घेतलेल्या असंख्य बायका होत्या.

आता थोडे शास्त्राकडे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवसाच्या शेवटी संध्याकाळ आधी येते आणि सकाळ नंतर. यहुदी माणसाचा दिवस आजही सूर्यास्तापासून सुरू होतो. म्हणजे दिवस सुरू होतो तो झोपेत; आपण डोळे उघडतो तेव्हा देवाचे काम सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो. शिवाय मनुष्य निर्माण झाला सहाव्या दिवशी, आणि त्याच्या वाट्याला आलेला पहिला पुरता दिवस होता सातवा, विसाव्याचा. आदामाने तोवर बागेत काय केले होते? मेहनत करून त्याने विसावा मिळवलेला नव्हता. शास्त्रात विसावा पहिला येतो, आणि काम त्यातून निघते. आपल्या घरांत क्रम उलटा आहे. आधी भांडी, मग धुणे, मग मुलांचा अभ्यास, मग उद्याची तयारी, आणि हे सगळे झाले तर आई टेकेल. हे सगळे कधीच होत नाही.

शब्बाथाची आज्ञा निर्गमाच्या २०व्या अध्यायात आहे. त्या दिवशी कोणी काम करायचे नाही याची यादी तिथे दिली आहे : तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, वेशीच्या आतला परका. बायकोचे नाव यादीत नाही! पहिल्यांदा हे लक्षात आले तेव्हा मी दचकले. मग अभ्यासकांचे म्हणणे पटले की तिला वेगळे मोजण्याची गरजच नव्हती, ती 'तू' मध्येच आहे. जिला 'तू' म्हणून आज्ञा मिळाली तिने शब्बाथाच्या दिवशी इतरांचा विसावा रांधत बसावे, असे त्यात नाही. अनुवाद या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते आणि तिथे कारण वेगळे दिले आहे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि देवाने तुम्हाला बाहेर काढले. गुलामाला सुट्टी नसते. म्हणून सुट्टी घेणे ही सुटकेची खूण. रविवारच्या उपासनेहून परतल्यावर ओढणी बाजूला टाकून मसाला वाटायला बसणाऱ्या बायांनी, आणि जेवणाची वाट पाहत बसणाऱ्या घरच्या माणसांनी, अनुवादाचा पाचवा अध्याय एकदा सावकाश वाचावा.

यावर लगेच मार्थेचे नाव निघते. लूकच्या १०व्या अध्यायातली मार्था आणि मरीया. स्त्रियांच्या सभेत या भागावर जितकी प्रवचने मी ऐकली त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच होता : मार्था होऊ नका, मरीया व्हा. ऐकणाऱ्या बायका मान डोलावतात आणि सभा संपल्यावर चहाची भांडी विसळायला उठतात. मला या प्रवचनात दोन गोष्टी सुटलेल्या दिसतात. हा प्रसंग चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याच्या लगेच पुढे आला आहे. परक्याच्या जखमा बांधणाऱ्या माणसाची वाखाणणी करून येशू नुकताच थांबला आहे. सेवेला तो कमी लेखील कसा? मार्थेला तो दोनदा नावाने हाक मारतो आणि तिच्या जिवाची घालमेल तिला दाखवतो. दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात. भाऊ लाजार मेल्यावर येशू ख्रिस्त आहे, देवाचा पुत्र आहे अशी स्पष्ट कबुली देणारी मार्थाच. आणि पुढे १२व्या अध्यायात त्यांच्याच बेथानी गावात जेवण आहे, मरीया पुन्हा येशूच्या पायांशी आहे, आणि मार्था? मार्था वाढते आहे. तेच काम, तीच बाई, पण या वेळी बहिणीविषयी कुरकूर नाही, कपाळावर आठी असल्याची नोंद नाही. कामात असलेल्या आईला पायांशी बसलेल्या मरीयेपेक्षा ही दुसऱ्या वेळची मार्था जास्त आधार देईल असे मला वाटते. या पुस्तकातले तीन लेख तिच्यावरच आहेत.

नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातल्या सद्गुणी स्त्रीबद्दलही एक सांगायलाच हवे. महिला रविवारी तिला व्यासपीठावर उभे केले जाते आणि खाली बसलेली प्रत्येक आई मनात तिच्याशी उंची मोजते. ती रात्र सरली नसताच उठते हे आपण ऐकतो. त्याच ओळीत तिच्या दासींचा उल्लेख आहे, तो मात्र कोणी वाचून दाखवत नाही. तिच्या घरात हाताखाली माणसे होती. तिची मुले उठून तिला धन्य म्हणतात आणि नवरा तिची प्रशंसा करतो, तेही त्याच अध्यायात आहे. मराठी ख्रिस्ती घरातला कर्ता पुरुष उदार असतो, पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाही. त्या औदार्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त वाचावी. त्यांच्या पतीचा, रेव्हरंड टिळकांचा, हात देताना कधी आखडत नसे, आणि घरात काय शिजवायचे हे कोडे लक्ष्मीबाईंना सोडवावे लागे.

शरीराच्या विसाव्याबद्दल थोडक्यात पण ठासून सांगते. पहिल्या राजांच्या १९व्या अध्यायात एलिया मरण मागत झुडपाखाली आडवा होतो, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. बोलणे नंतर झाले. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे, उदास वाटणे बहुतेक बायकांना होते आणि दोनेक आठवड्यांत ओसरते. त्याहून जास्त दिवस ते राहिले, बाळाकडे पाहवेना, झोप उडाली, जगण्याचा कंटाळा आला, तर त्या बाईला डॉक्टरकडे न्यायला हवे. तिचा विश्वास कमी पडला असे कोणी म्हणू नये, आणि नुसत्या प्रार्थनेच्या आश्वासनावर तिला घरी ठेवू नये. प्रार्थना करणाऱ्यांनीच तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.

आता राहिला मोडलेल्या विसाव्याचा प्रश्न. आई कुठे टेकते तोच मूल उठते. मार्काच्या सहाव्या अध्यायात हेच आहे. प्रेषितांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या म्हटले. ते मचव्यात बसून निघाले तर लोक किनाऱ्याने धावत जाऊन आधीच पोचलेले! आणि मग त्याच दिवशी पाच हजार पुरुषांना जेवू घालावे लागले. येशूला त्या लोकांचा राग आला नाही, कळवळा आला. पण जेवणे होताच त्याने शिष्यांना लगेच मचव्यात बसवून पुढे धाडले, लोकांना स्वतः निरोप दिला आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. दुपारी हुकलेला एकांत त्याने सोडून दिला नाही, रात्री घेतला. आईचा विसावाही असाच तुकड्या-तुकड्यांनी येतो. भाजी चिरताना एक वचन मनात घोळवणे, पाळण्याची दोरी ओढताना नाव घेऊन एकेका लेकरासाठी मागणे, ही दुय्यम प्रार्थना आहे असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. दुखणे अंगावर काढत, मुले वाढवत देवाशी बोलत आलेल्या आपल्या आज्यांनी याहून वेगळे काय केले?

स्तोत्रे १२७ आणि १३१ ही दोन्ही यरुशलेमेकडे चढून जाताना यात्रेकरू म्हणत. दोन्ही लहान आहेत, एक पाच ओव्यांचे, दुसरे तीनच. पहिल्यात देव आपल्या प्रियांना झोप देतो हे सांगून लगेच पुढच्या ओवीत लेकरे ही त्याने दिलेले वतन आहेत असे येते. झोप आणि लेकरे शेजारी शेजारी, दोन्ही देणगी. दुसऱ्यात दूध तुटलेले मूल आईजवळ शांत पडून असते तसा माझा जीव आहे, असे भक्त म्हणतो. मूल अंगावरचे सोडवताना किती रात्री रडण्यात जातात हे आईलाच ठाऊक. ते दिवस सरल्यावर एके दिवशी मूल येते, पदराला हात न घालता नुसते कुशीत शिरते. त्याला काहीच नको असते, आई हवी असते. देवापाशी असे काही न मागता, काही करून न दाखवता जाता येते. या संग्रहातल्या बहुतेक लेखिका कोणत्या ना कोणत्या वाटेने इथे पोचल्या आहेत. कोणी मूल गमावल्यावर, कोणी नोकरी सोडावी लागल्यावर, कोणी काहीच विशेष न घडता, एका साध्या मंगळवारी.

पुस्तक कुठूनही उघडावे. क्रम लावलेला नाही. एखादा लेख अर्धा राहिला तर राहू द्यावा. पान दुमडून ठेवण्यासाठीच कागद जाड घेतला आहे.

शेवटचा भाग मात्र आयांसाठी नाही. तो पाळकांसाठी, मंडळीच्या वडिलांसाठी आणि घरातल्या पुरुषांसाठी आहे. त्यात मागण्या आहेत आणि त्या साध्या आहेत. स्त्रियांची सभा असेल तेव्हा मुलांना सांभाळायला पुरुषांनी बसावे. उपासनेनंतरचा चहा आळीपाळीने पुरुषांनी करावा आणि भांडीही घासावीत. उपासनामंदिरात अंगावर पाजणाऱ्या आईला बसायला आडोशाची जागा असावी, आणि तिथे प्रवचन ऐकू जावे. रविवारचे जेवण शनिवारी संध्याकाळी सगळ्या घराने मिळून करून ठेवावे किंवा साधे ठेवावे. नाताळच्या गायनमंडळीने येण्याची वेळ पाळावी, आणि ज्या घरी जाईल त्या घरच्या बाईला बाहेर बोलावून तिच्यासाठी एक गीत म्हणावे. पाळकांनी हा भाग आधी वाचावा आणि मग हे पुस्तक स्त्रियांना द्यावे.